मतयंत्राची परीक्षा

केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात परूर नावाचा एक विधानसभा मतदारसंघ आहे. दिनांक १९ मे १९८२ रोजी तेथील ८४ मतदानकेंद्रांपैकी ५० केंद्रांवर मतदानास आलेल्या स्त्रीपुरुषांच्या हाती कागदाची मतपत्रिका पडली नाही, आणि खूण करण्याचा शिक्काही पडला नाही. आडोशामागे गेल्यावर त्यांना एक पेटी दिसली. तिच्यावर उमेदवारांची नावे होती, चिन्हे होती आणि प्रत्येकासमोर एकेक कळ होती. कळ दाबली की मत नोंदले जाई. घडी घालावयास कागद नाही, आणि तो टाकावयास पेटीचे तोंडही नाही. भारतात विद्युत् मतयंत्रावर झालेले हे पहिलेच मतदान होय.

कोणत्याही नव्या यंत्राची परीक्षा दोन प्रकारांनी होत असते. पहिली कारखान्यात होते. तेथे ते यंत्र बनविणारे कारागीर आणि अभियंतेच परीक्षक असतात. कोणती कळ कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि म्हणून यंत्र बहुधा उत्तीर्ण होते. दुसरी परीक्षा अधिक अवघड असते. ज्याने ते यंत्र पूर्वी कधी पाहिलेले नाही अशा माणसाच्या हाती ते द्यावयाचे, स्वतः गप्प बसावयाचे, आणि त्याचा हात कोठे अडखळतो, नजर कोठे भिरभिरते, कोणत्या क्षणी तो मागे वळून साहाय्यासाठी पाहतो, ह्याची नोंद ठेवावयाची. अशा परीक्षेत तो माणूस नापास होऊच शकत नाही. तो जेथे चुकला, तेथे यंत्र चुकले असे समजावयाचे असते. संगणकाच्या प्रसारानंतर ह्या परीक्षेचे एक शास्त्रच बनले आहे. परंतु ज्या देशात निरक्षर मतदारांची संख्या कोटींनी मोजावी लागत होती, त्या देशाला ही परीक्षा शास्त्र होण्याच्या आधीपासूनच द्यावी लागली.

मतदानाच्या बाबतीत ह्या परीक्षेला आणखी एक विलक्षण अडचण आहे. इतर यंत्रांच्या वेळी निरीक्षक माणसाशेजारी बसू शकतो. मतदाराशेजारी मात्र कोणी बसावयाचे नाही, त्याचा हात कोणत्या कळीवर गेला हे कोणी पाहावयाचे नाही, आणि तो बाहेर आल्यावर त्याने काय केले हे त्याला कोणी विचारावयाचे नाही. गुप्ततेचे बंधन हे मतदानाचे प्राणतत्त्व असल्यामुळे परीक्षेचा क्षण नेमका पडद्याआड जातो. तेथे काय घडले हे केवळ परिणामांवरून, म्हणजे मोजलेल्या आणि बाद झालेल्या मतांवरून, ताडावे लागते.

ह्या कथेचा आरंभ १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आहे. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ च्या थोडे वर होते, आणि मतदार होते सतरा कोटींहून अधिक. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांच्यापुढील प्रश्न असा होता, की ज्याला वाचता येत नाही आणि ज्याने लेखणी हाती धरलेली नाही, त्याने आपले मत कोणाला दिले हे निःसंदिग्धपणे कसे कळवावे? उत्तर शोधताना मतदाराकडून अपेक्षा जितकी कमी करता येईल तितकी केली गेली. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पोलादी पेटी, आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने एकच गोष्ट करावयाची होती: हाती दिलेली कोरी मतपत्रिका मनातल्या चिन्हाच्या पेटीत टाकावयाची. लिहावयाचे नाही, खूणही करावयाची नाही.

ह्या साध्या कृतीमागे केवढा खटाटोप होता! एक रुपयाच्या नोटेएवढ्या मतपत्रिका नाशिकच्या सरकारी मुद्रणालयात छापल्या गेल्या. वीस लाखांहून अधिक पेट्या लागल्या. त्यांतील लाखो पेट्या मुंबईच्या विक्रोळी उपनगरात गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मतदान कसे करावे हे सांगण्यासाठी चित्रपटगृहांत अनुबोधपट दाखविले गेले आणि आकाशवाणीवरून कार्यक्रम झाले. निरक्षर माणूस लोकशाहीला लायक नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी आयोगाने त्याला करता येईल अशी कृती शोधून काढली.

तथापि त्याच निवडणुकीत एक अपयशही पदरी आले, आणि ते विसरून चालणार नाही. मतदारयाद्या तयार करताना उत्तरेतील कित्येक प्रांतांत स्त्रियांनी परक्या पुरुषाला आपले नाव सांगण्याचे नाकारले. त्या स्वतःला अमक्याची आई किंवा तमक्याची पत्नी म्हणवीत. यादीच्या रकान्यात मात्र व्यक्तीचे स्वतःचे नाव हवे होते. अखेर सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. ज्या यंत्रणेने निरक्षराच्या हाताची एवढी काळजी घेतली, तिचाच एक रकाना ह्या स्त्रियांच्या रूढीपुढे अडला.

ह्या प्रसंगातील पेच मुळातच कठीण आहे. ‘अमक्याची आई’ अशी नोंद स्वीकारली असती तर त्या स्त्रियांना त्या वर्षी मत देता आले असते. परंतु नागरिक म्हणून तिला स्वतंत्र नाव आहे, ती कोणाची तरी सावली नव्हे, हे तत्त्व सोडावे लागले असते. आयोगाने तत्त्व राखले आणि त्याची किंमत २८ लक्ष स्त्रियांनी दिली. साधनाने माणसापुढे कोठवर वाकावे आणि कोठे वाकू नये, हा प्रश्न पुढील सर्व प्रयोगांत निरनिराळ्या रूपांनी उभा राहिला.

पेट्यांच्या पद्धतीचे दोष लौकरच दिसून आले. उमेदवार जितके, तितक्या पेट्या प्रत्येक केंद्रावर न्यावयाच्या. शिवाय पडद्याआड मतदार एकटा असल्यामुळे मतपत्रिका पेटीत न टाकता ती लपवून बाहेर नेणे आणि विकणे शक्य होते. म्हणून सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच कागदावर छापावयाची आणि मतदाराने शिक्क्याने खूण करावयाची, अशी पद्धत पुढे आली. परंतु ती एकदम देशभर लादली गेली नाही. १९६० मध्ये केरळ आणि १९६१ मध्ये ओरिसा ह्या दोन राज्यांतील मध्यावधी निवडणुकांत तिची परीक्षा घेण्यात आली, आणि त्यानंतरच १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती रूढ झाली. लहान प्रदेशात करून पाहावयाचे, चुका दिसल्या तर सुधारावयाच्या, आणि मग देशापुढे ठेवावयाचे, हा शिरस्ता येथून पडला.

शिक्क्याची पद्धत जवळजवळ चार दशके चालली. पण मतमोजणीच्या मेजावर तिच्या उणिवा प्रत्येक वेळी उघड्या पडत. कोणाचा शिक्का दोन चिन्हांमधील रेषेवर पडलेला असे. कोणी दोन ठिकाणी शिक्के मारीत. कोणी शिक्क्याऐवजी शाईचा अंगठा उठवीत, तर कोणी काहीच खूण न करता कागद पेटीत टाकीत. अशी लाखो मते दर निवडणुकीत बाद होत. त्यांना ‘अवैध मते’ असे नाव होते. त्या नावामुळे दोष मतदाराकडे जातो. वास्तविक त्या प्रत्येक कागदामागे रांगेत उभा राहिलेला, आडोशामागे जाऊन काही सांगू पाहणारा एक माणूस होता. त्याचे म्हणणे कागदापर्यंत पोचले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

१९७७ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर हैदराबादला गेले असताना त्यांनी तेथील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ह्या सरकारी कंपनीला विद्युत् साधनाने मतदान घेता येईल काय, ह्याचा अभ्यास करण्यास सांगितले. १९७९ मध्ये पहिला नमुना तयार झाला. ६ ऑगस्ट १९८० रोजी निवडणूक आयोगाने राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनीही ह्या कामात आली.

आजही जे यंत्र प्रचारात आहे त्याची मूळ रचना अशी आहे. त्याचे मुख्य दोन भाग. एक मतदान युनिट. ते आडोशामागे मतदारासमोर असते. दुसरा नियंत्रण युनिट. तो मतदानकेंद्राध्यक्षाच्या किंवा त्याच्या साहाय्यकाच्या मेजावर असतो. दोहोंना पाच मीटर लांबीची तार जोडते. यंत्र आतल्या बॅटरीवर चालते, त्यामुळे ज्या गावी वीज पोचलेली नाही तेथेही त्याचे अडत नाही. अधिकाऱ्याने आपल्या भागावरील कळ दाबली की मतदारासमोर हिरवा दिवा लागतो. मतदाराने उमेदवारासमोरील निळी कळ दाबली की त्या नावाशेजारी तांबडा दिवा उजळतो आणि एक लांब सूर ऐकू येतो. त्यानंतर मतदाराने कोणतीही कळ कितीही वेळा दाबली तरी काही होत नाही. अधिकारी पुन्हा परवानगी देईपर्यंत यंत्र मुके राहते. मिनिटाला पाचाहून अधिक मते ते घेत नाही, कारण मतदानकेंद्र बळकावून भराभर शिक्के मारणाऱ्या गुंडांचा अनुभव देशाच्या गाठीशी होता.

ह्या रचनेकडे बारकाईने पाहिले म्हणजे पूर्वीच्या परीक्षांतील धडे तिच्यात जागोजागी उतरलेले दिसतात. दोन ठिकाणी शिक्का पडणे आता अशक्य झाले. रेषेवर खूण होणेही अशक्य झाले. मतदार आत काय करतो हे कोणी पाहू शकत नाही; पण त्याचे मत नोंदले गेले ही वार्ता सूर मात्र सर्वांना देतो. कोणाला दिले हे गुप्त, दिले हे उघड. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की नव्या यंत्राने जुना चेहरा टाकला नाही. पारदर्शक झाकणाखाली कागदाचीच मतपत्रिका ठेवलेली असते. तीच नावे, तोच क्रम, तीच चिन्हे. उमेदवार कमी असतील तर उरलेल्या कळा झाकून टाकतात, म्हणजे हात चुकून रिकाम्या जागी जावयाचा नाही. अनोळखी वस्तूतील जितका भाग ओळखीचा ठेवता येईल तितका ठेवला गेला.

आता परूरकडे वळावयास हरकत नाही. तेथील निवडणुकीची हकीकत मोठी उद्बोधक आहे. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै आणि काँग्रेसचे ए. सी. जोस ह्यांच्यात मुख्य सामना होता. मतदानापूर्वी पिल्लै ह्यांनीच यंत्राच्या वापराला केरळच्या उच्च न्यायालयात हरकत घेतली होती. ती मान्य झाली नाही. निकाल लागला तेव्हा पिल्लै ह्यांना ३०,४५० मते मिळाली होती. त्यांतील १९,१८२ यंत्रावरची आणि ११,२६८ कागदावरची. जोस ह्यांना ३०,३२७ मते पडली. म्हणजे यंत्रावर अविश्वास दाखविणारा उमेदवार १२३ मतांनी निवडून आला! मग पराभूत उमेदवाराने यंत्राविरुद्ध न्यायालयाची वाट धरली.

उच्च न्यायालयाने जोस ह्यांचा अर्ज फेटाळला. ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो मान्य केला. लोकप्रतिनिधित्वाचा १९५१ चा कायदा आणि १९६१ चे नियम ह्यांत मतपत्रिकेने मतदान सांगितलेले आहे. यंत्राची तरतूद त्यांत नाही. आणि कायद्याने सांगितलेली पद्धत बदलण्याचा अधिकार आयोगाला स्वतःच्या आदेशाने घेता येत नाही, असा निर्णय झाला. त्या ५० केंद्रांवर २२ मे १९८४ रोजी पुन्हा कागदावर मतदान झाले, आणि जोस विजयी झाले. मधल्या काळात, १९८२–८३ मध्ये, देशातील आणखी दहा पोटनिवडणुकांत यंत्रे वापरली गेली होती. ती सर्व आता कोठारात जाऊन बसली.

हा आघात होता खरा. पण ह्या निर्णयाने परीक्षेची व्याप्ती स्पष्ट केली. कळ दाबली गेली, मत नोंदले गेले, मोजणी झाली, एवढ्याने मतयंत्र उत्तीर्ण होत नाही. जो हरला त्यालाही निकाल मान्य करावा लागेल, असा त्याला कायद्याचा आधार लागतो. १२३ मतांचे अंतर होते म्हणूनच हा प्रश्न इतका तीव्र झाला. हजारोंच्या अंतराने निकाल लागला असता, तर कदाचित कोणी न्यायालयाची पायरी चढले नसते आणि पायातील पोकळी तशीच राहिली असती. शिवाय परूरच्या प्रयोगाला एक नैसर्गिक मर्यादाही होती. केरळ साक्षरतेत देशात अग्रेसर. तेथील मतदाराने यंत्र सहज हाताळले, एवढ्यावरून अक्षरशत्रू मतदारही ते तितक्याच सहजतेने हाताळील असे अनुमान काढता येत नव्हते. जेथे यश येण्याचा संभव अधिक, तेथे घेतलेली परीक्षा ही अर्धीच परीक्षा होय.

पुढची पावले सावकाश पडली. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने कायद्यात कलम ६१-अ घातले आणि १५ मार्च १९८९ पासून ते अमलात आले. १९९० मध्ये निवडणूक सुधारणांसंबंधीच्या दिनेश गोस्वामी समितीच्या सूचनेवरून प्राध्यापक एस. संपत ह्यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि त्याच वर्षी तिने यंत्राच्या बाजूने अभिप्राय दिला. यंत्राचे बाह्य रूप आणि मतदाराशी संबंध येणारी त्याची रचना ह्यांवर मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधील ए. जी. राव आणि रवी पूवय्या ह्या दोन प्राध्यापकांनी काम केले. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे पुन्हा मतदारांपुढे आली. १९९९ च्या गोवा विधानसभेच्या निवडणुकीत सर्व मतदान यंत्रांवर झाले. एका संपूर्ण राज्याने कागद बाजूस ठेवण्याचा हा पहिला प्रसंग, आणि तो मान मांडवी-जुवारीच्या काठच्या मतदारांकडे जातो. २००१ मध्ये तामिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल व पाँडिचेरी, आणि २००४ मध्ये लोकसभेचे सर्व ५४३ मतदारसंघ. परूरपासून येथवर यावयास बावीस वर्षे लागली.

बावीस वर्षे हा काळ काहींना फार वाटेल. त्यांनी ह्याच सुमारास अमेरिकेत काय घडले ते आठवावे. २००० च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात एक नव्या मांडणीची मतपत्रिका वापरण्यात आली. वृद्ध मतदारांना अक्षरे मोठी दिसावीत ह्या सद्हेतूने उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर छापली होती, आणि भोके पाडण्याची ओळ त्यांच्या मधोमध होती. डाव्या पानावर दुसऱ्या क्रमांकाला असलेल्या उमेदवारासाठी तिसरे भोक पाडावे लागे. दुसरे भोक उजव्या पानावरील पहिल्या उमेदवाराचे होते. परिणाम असा झाला, की त्या परगण्यात १९ हजारांहून अधिक मतपत्रिकांवर एकाहून अधिक भोके पडली आणि त्या बाद झाल्या. ज्या उमेदवाराला तेथे फारसा पाठिंबा नव्हता, त्याला सुमारे ३,४०० मते मिळाली. फ्लोरिडाचा, आणि त्याबरोबर अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा, निकाल लागला ५३७ मतांनी. मतदार साक्षर होते, देश श्रीमंत होता, आणि मांडणी करणारांचा हेतूही चांगला होता. ती मांडणी परक्या डोळ्यांपुढे ठेवून त्यांचा गोंधळ आधी पाहिला असता, तर तो निवडणुकीच्या दिवशी पाहावा लागला नसता.

भारतातील यंत्राची परीक्षा २००४ नंतरही संपली नाही. दृष्टिहीन मतदाराला सूर ऐकू येई, परंतु बोट कोणत्या नावासमोर आहे हे कळत नसे. म्हणजे त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागे आणि त्याचे मत गुप्त राहत नसे. २००४ मध्ये आंध्र प्रदेशातील आसिफनगरच्या पोटनिवडणुकीत यंत्रावर ब्रेल अंक लावून पाहण्यात आले, आणि नंतर ती सोय सार्वत्रिक झाली. कळीशेजारी उमटलेल्या काही टिंबांनी मतदारांच्या एका मोठ्या वर्गाला त्याचा पडदा परत मिळवून दिला.

त्यानंतर शंकेचा प्रश्न उभा राहिला. कागदावर शिक्का मारणाऱ्याला आपली खूण डोळ्यांनी दिसत असे. यंत्रात आत काय नोंदले गेले हे कोणालाच दिसत नाही. तांबडा दिवा लागला; पण जेथे दिवा लागला तेथेच मत गेले कशावरून? ही शंका विद्वानांनी मांडली, पक्षांनी मांडली, आणि सामान्य माणसाच्याही मनात ती होती. तिचे उत्तर म्हणून यंत्राला छापील चिठ्ठीची जोड देण्याचे ठरले. मत दिल्यावर काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसावी, तिच्यावर उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव व चिन्ह असावे, आणि मग ती कापली जाऊन बंद पेटीत पडावी, अशी योजना होती. जुलै २०११ मध्ये लेह, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुवनंतपुरम आणि पूर्व दिल्ली येथे लुटुपुटीच्या निवडणुका घेऊन तिची चाचणी झाली. ठिकाणांची ही निवड पाहण्यासारखी आहे: हिमालयातील विरळ हवा, वाळवंटातील ऊन व धूळ, जगातील अतिवृष्टीचा प्रदेश, समुद्रकाठचा दमटपणा आणि राजधानीची दाट वस्ती. परूरच्या वेळी राहिलेली उणीव येथे भरून काढण्याचा यत्न होता. चाचणीत उणिवा आढळल्या, रचना बदलली, आणि २०१२ मध्ये पुन्हा चाचणी झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोक्सेनच्या पोटनिवडणुकीत हे साधन प्रथम खऱ्या मतदारांपुढे आले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते सर्व केंद्रांवर होते.

चिठ्ठीबरोबर एक नियमही आला. चिठ्ठीवर भलतेच नाव दिसले असे मतदाराचे म्हणणे असेल, तर त्याने तसे लेखी द्यावयाचे आणि अधिकारी व प्रतिनिधी ह्यांच्यासमोर चाचणीचे मत द्यावयाचे. तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे. खोडसाळांना आळा हवा हे खरे. परंतु ज्या परीक्षेत माणूस नापास होत नाही असे आरंभी म्हटले, तिच्याशी हा नियम पुरता जुळत नाही. साध्या माणसाला आपले डोळे चुकले की यंत्र चुकले ह्याची खात्री नसते, आणि शिक्षेच्या धास्तीने तो गप्प राहण्याचा संभव असतो. ज्याचे गाऱ्हाणे सर्वांत मोलाचे, त्याचेच तोंड मिटते. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतदानाकडे परत जाण्याची आणि सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी अमान्य केली. त्याबरोबर तपासणीसंबंधी काही नवे निर्देशही दिले. वाद त्यामुळे मिटला असे नाही.

मतदानाच्या दिवशीचे दोन लहान विधी सांगितल्याविना मात्र ही हकीकत पुरी होत नाही. आडोशामागे गेलेला मतदार गोंधळला आणि त्याने साहाय्य मागितले, तर केंद्राध्यक्षाने खऱ्या यंत्राकडे बोट दाखवावयाचे नसते. त्याच्यापाशी मतदान युनिटाची एक पुठ्ठ्याची प्रतिकृती असते. ती घेऊन, उमेदवारांच्या प्रतिनिधींदेखत, कळ कशी दाबावयाची हे त्याने समजावून सांगावयाचे, आणि मग मतदाराला पुन्हा एकटे सोडावयाचे. शिकविणे आणि न पाहणे ह्या दोन कर्तव्यांची सांगड एका पुठ्ठ्याच्या तुकड्याने घातली आहे.

दुसरा विधी पहाटेचा. पहिला मतदार येण्यापूर्वी केंद्राध्यक्ष प्रतिनिधींना जवळ बोलावतो. यंत्र रिकामे आहे हे दाखवितो. मग किमान ५० अभिरूप मते दिली जातात. कोणी कोणाला किती मते दिली हे कागदावर टिपले जाते. यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून पाहतात, चिठ्ठ्याही मोजतात. आकडे जुळले म्हणजे सर्व नोंद पुसून यंत्रावर मोहर लावतात आणि प्रतिनिधी मोहरेवर सह्या करतात. देशातील दहा लाखांच्या घरातील मतदानकेंद्रांवर, शाळेच्या वर्गात, चावडीत, तंबूत, हा विधी प्रत्येक निवडणुकीत नव्याने होतो. कालच्या निवडणुकीत यंत्र बरोबर चालले होते, हे त्या पहाटे पुरेसे मानले जात नाही. मोहर लागते, दार उघडते, आणि बाहेर उजाडल्यापासून रांगेत उभी असलेली एखादी म्हातारी आत येते. तिच्या बोटाला शाई लागते, आणि ती आडोशामागे जाते. तेथून पुढे काय झाले हे सांगावयास फक्त तो सूर असतो.